तुम्ही विचारलंत म्हणून: भुऱ्याचा खाऊ कशाचा?

"तुमचा भुऱ्या घरी भाजलेली बिस्किटं खातो म्हणे. आमच्यालाही फार खाज सुटते, रेसिपी द्या ना." जळगावात कुत्रा पाळणारं कोणीही भेटलं की हा प्रश्न येतोच, आणि मी दर वेळी उलट विचारते, "तुमच्यानं आजवर काय काय खाल्लंय?" समोरच्याला वाटतं, हिला रेसिपी द्यायची नाही. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते, रेसिपीसकट.

अन्नाची ॲलर्जी बहुतेक वेळा त्या अन्नातल्या प्रथिनाची असते, आणि शरीराची त्या प्रथिनाशी आधी ओळख झालेली असते. म्हणजे काल पहिल्यांदा दिलेल्या पदार्थापेक्षा वर्षानुवर्षं रोज चाललेली दूध-पोळी जास्त संशयाची. "तो तर लहानपणापासून हेच खातोय, त्यानं कसं होईल?" असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते, की लहानपणापासून खातोय म्हणूनच होऊ शकतं. 2016 साली तीन पशुवैद्यक संशोधकांनी आधीच्या अभ्यासांमधल्या 297 ॲलर्जिक कुत्र्यांच्या नोंदी एकत्र मांडल्या. त्यात गोमांस सुमारे 34 टक्के कुत्र्यांना बाधलं, दुधाचे पदार्थ 17, कोंबडी 15 आणि गहू 13 टक्के कुत्र्यांना. पण ते कुत्रे युरोप, ऑस्ट्रेलिया, उत्तर अमेरिकेतले. ते जे खातात तेच त्यांना बाधतं. आपल्या कुत्र्याची यादी आपल्या स्वयंपाकघरातून निघते.

भुऱ्याची यादी करायला बसलो तर पानभर झाली. दूध-पोळी. सकाळच्या चहाबरोबर ग्लुकोज बिस्किट, कधी टोस्ट. मुलांच्या ताटातली शेव. पाहुण्यांनी आणलेली खारी. कोणीतरी हौसेनं दिलेलं दुकानातलं चघळायचं हाड, जे बहुधा गुराच्या कातड्याचं असतं. ज्वारीची भाकरी. शेजारच्यांच्या घरचे कोंबडीचे तुकडे. यादीत गहू इतक्या वेगवेगळ्या रूपांनी आला, की तो दिवसातून किती वेळा पोटात जातोय ते लिहून काढल्यावरच दिसलं.

त्याला बारा महिने खाज होती. पंजे चाटून चाटून केस तांबूस झालेले, कान सतत दुखरे, आत तपकिरी मळ आणि आंबूस वास. ऋतूप्रमाणे खाज कमी-जास्त होत नसेल, कान पुन्हा पुन्हा बिघडत असतील, जोडीला पोटही ढिलं असेल, तर अन्नाकडे पाहावं. मात्र त्याआधी गोचीड आणि पिसवा. आपल्याकडे खाजेचं पहिलं कारण तेच असतं, आणि पिसवांचा बंदोबस्त न करता गहू बंद करून काही होत नाही. रक्त तपासून अन्नाची ॲलर्जी कळते असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, पण त्या तपासण्यांवर विसंबता येत नाही. खरी चाचणी पातेल्यातच होते.

ती अशी. कुत्र्यानं कधीही न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट, एवढंच निदान आठ आठवडे द्यायचं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आमचं घर शाकाहारी, त्यामुळे बकऱ्याचं मटण भुऱ्याला अगदी नवं होतं. मागच्या अंगणात वेगळं पातेलं ठेवलं, मटण आणि रताळं शिजवलं, मीठसुद्धा न घालता. ज्या घरात दर रविवारी मटण होतं, तिथल्या कुत्र्याला हे चालणार नाही. त्याला मासा नवा असेल, किंवा आणखी काही. या काळात खाऊ बंद. अगदीच राहवलं नाही तर त्याच जेवणातलं रताळं चकत्या करून मंद आचेवर कोरडं करायचं आणि तोच खाऊ म्हणायचा. जंतांच्या आणि गोचिडांच्या चघळायच्या गोळ्यांना मांसाची चव लावलेली असते, तेव्हा त्यांचंही डॉक्टरांना विचारून घ्या. एका बिस्किटानं काय होतं, असं घरातलं कोणी म्हणालं तर त्यांना शांतपणे सांगा, की एका बिस्किटानं आधीचे सगळे आठवडे वाया जातात.

खाज उतरली की एकेक जुना पदार्थ परत द्यायचा आणि दोन आठवडे बघायचं. ही पायरी बरेच जण गाळतात, कारण कुत्रा बरा झालेला असतो. पण ती केली नाही तर नेमकं काय बाधत होतं ते कधीच कळत नाही आणि बिचाऱ्याला जन्मभर नको तेवढं पथ्य पडतं. भुऱ्याला गहू दिला आणि आठवड्याच्या आत पंजे चाटणं सुरू झालं. दुधानं पोट बिघडलं, खाज मात्र आली नाही. ते दुधातली साखर न पचण्याचं लक्षण असावं असं डॉक्टर म्हणाले, पण दूध बंदच ठेवलं. ज्वारी पास झाली, आणि मला हायसं वाटलं, कारण खान्देशात राहून दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, वर्ज्य करावी लागली असती तर खाऊ करायचा कशाचा?

आता तो खाऊ. दोन वाट्या दादरीचं पीठ, एक वाटी उकडून घोटलेलं गंगाफळ, म्हणजे आपला लाल भोपळा, आणि दोन चमचे जवसाची पूड. बस. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे गार पाण्यात मळलेलं पीठ लाटताना फाटतं आणि भाजल्यावर भुगा होतो. त्यावर उपाय आपल्या हातात आहेच: भाकरीसारखी उकड काढायची. जवसाची पूड सहा चमचे कडकडीत पाण्यात दहा मिनिटं भिजवली की बुळबुळीत होते, ती अंड्याचं काम करते. गंगाफळ गरम असतानाच पिठात मिसळायचं, लागेल तसं उकळतं पाणी, झाकून ठेवायचं, मग चांगलं रगडून मळायचं. अर्धा सेंटीमीटर जाड लाटून नखाएवढे तुकडे कापायचे. ओव्हन 160 अंशांवर, साधारण अर्धा तास. मग ओव्हन बंद करून तुकडे आतच गार होऊ द्यायचे, म्हणजे कुरकुरीत होतात. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर अगदी मंद आचेवर, झाकण न ठेवता, उलटसुलट करत. वेळ लागतो, पण होतं.

यात सगळ्यात नाजूक जागा आहे ती गिरणीची. तुमची ज्वारी आधीच्या गव्हावर दळली तर पहिलं किलोभर पीठ भेसळीचंच येतं. मी गिरणीवाल्या भाऊंना सांगून ठेवलंय, "भाऊ, ज्वारीवर ज्वारीच टाका." ते कोणाची तरी ज्वारी होईपर्यंत माझा डबा बाजूला ठेवतात. आणखी एक. दिवाळीत आपण नानकटाई बेकरीतून भाजून आणतो, तसा हा खाऊ बेकरीत द्यावासा वाटेल. देऊ नका. त्या ट्रेंना मैदा आणि तूप लागलेलंच असतं. लाटणं-पोळपाटही वेगळं ठेवा. मी तर दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये धरूनच लाटते.

ज्यांच्या कुत्र्याला ज्वारीच बाधते त्यांनी नागली, म्हणजे नाचणी, घ्या, सातपुड्याकडची छान मिळते, किंवा भगरीचं पीठ. गंगाफळाच्या जागी रताळं चालतं. रावेर-यावलची केळी आपल्याला हाताशी असतात आणि कुत्र्यांना फार आवडतात, पण पिकलेल्या केळ्यात साखर बरीच, म्हणून दोन वाट्या पिठाला अर्ध्या केळ्याच्या वर जात नाही. कळण्याचं पीठ घरात तयार असतं म्हणून ते वापरू नका. त्यात उडीद आणि मीठ असतं, आणि काही बाधलंच तर ज्वारीनं की उडदानं, हे कळायला मार्ग राहत नाही.

कांदा, लसूण कोणत्याच रूपात नको, पूडसुद्धा नाही. त्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या काळ्या मसाल्याच्या रश्शात भिजवलेली भाकरी म्हणूनच धोक्याची. मनुका, बेदाणे, द्राक्षं मूत्रपिंडावर जातात. चॉकलेट नको. इंटरनेटवरच्या परदेशी पाककृतींत पीनट बटर असतं, पण विकतच्या काही डब्यांत झायलिटॉल नावाचं गोडवा आणणारं द्रव्य घालतात, ते कुत्र्याला जिवावर बेतणारं विष आहे. शेंगदाणे चालत असतील तर घरी भाजून, मीठ न घालता कूट करा. गूळ, मीठ, बेकिंग पावडर यांची गरजच नाही.

खाऊ म्हणजे जेवण नव्हे. दिवसभराच्या कॅलरींपैकी 10 टक्क्यांच्या आत तो बसला पाहिजे. बारा किलोच्या घरगुती कुत्र्याला दिवसाला साधारण 600 ते 700 कॅलरी लागतात, म्हणजे खाऊच्या वाट्याला 60-70. तीन-चार ग्लुकोज बिस्किटांत त्या संपतात. म्हणून तुकडे नखाएवढे. कुत्र्याला आपण काहीतरी दिलं याचा आनंद असतो, तुकडा केवढा याचा नाही. रोजचं पूर्ण जेवण घरी करायचं असेल तर कॅल्शियमसकट सगळं डॉक्टरांकडून ठरवून घ्या, ते या खाऊसारखं अंदाजानं करता येत नाही.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा मी पहाटेच ओव्हन लावते. त्या दिवसांत तुकडे डब्यात आठवडाभर कोरडे राहतात. पावसाळ्यात दोन दिवसांत मऊ पडतात, म्हणून फ्रीजमध्येच. बुरशीचा ठिपका दिसला तर तेवढाच तुकडा नाही, सगळा डबा टाका.

हे सगळं केलं तरी घर एकमतानं वागलं नाही तर उपयोग नसतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, लेकरं येतात, ताटात सांजोऱ्या असतात आणि लेकरांच्या हातातली पहिली सांजोरी कुत्र्यापुढे जाते. शेजारच्या आजी रोज गाईला आणि कुत्र्याला काढून ठेवल्याशिवाय जेवत नाहीत. त्यांना मी पथ्याचं सांगायला गेले तर म्हणाल्या, "कुत्राले बी खावाले लागस ना वं माय." त्यांचं म्हणणं खरंच आहे. मुक्या जिवाला घास देणं हा त्यांचा धर्म आहे, तो मी कोण थांबवणार? मी त्यांना खाऊचा एक डबा भरून दिला. आता त्या गाईला पोळी देतात आणि भुऱ्याला डब्यातले दोन तुकडे. डबा संपत आला की स्वतः कुंपणाशी येऊन हाक मारतात. घरी पाहुणे येणार असले की असाच डबा मी दाराजवळच्या फळीवर ठेवते आणि लेकरांना पहिल्यांदा तोच दाखवते.

सध्या दादरीच्या पिठात अंडं घालून पाहणं चालू आहे. भुऱ्यानं अंडं आधी खाल्लेलं नाही, शेजारची कोंबडी मात्र खाल्लीय, आणि कोंबडी बाधणाऱ्याला अंडंही बाधेलच असं नसतं, म्हणून डॉक्टरांनी करून बघा म्हटलंय. रोज संध्याकाळी त्याचे कान उघडून बघते, वास घेते, पंजांच्या बेचक्यात बोट फिरवते. दोन आठवडे नीट पार पडले तर अंड्याच्या खाऊचं प्रमाणही लिहून देईन. तोवर तुमची यादी करून ठेवा.