निरगाठ

आषाढातल्या एका दुपारी वीज गेली, पंप बंद पडला, म्हणून बऱ्याच दिवसांनी विहिरीत पोहरा सोडला, तर दोर तुटून पोहरा तळाशी गेला. दोर तुटला तो नेमका गाठीपाशी. हातात राहिलेले टोक पाहून मला हसू आले, कारण आदल्याच रात्री झोप येईना म्हणून मोबाइलवर मी एक लांबलचक चित्रफीत पाहिली होती आणि तीत अलास्कातला एक गृहस्थ हेच समजावून सांगत होता. गाठीत दोर मुडपतो, ताण काही थोड्या तंतूंवर येतो आणि गाठीच्या प्रकाराप्रमाणे दोराची ताकद तिसऱ्या हिश्शाने, कधी निम्म्यानेही कमी होते. तो कुत्र्यांच्या घसरगाडीचे दोर तयार करीत होता. ज्याने बर्फ फक्त मासळीच्या पेटीत पाहिला आहे अशा माणसाने हे सगळे तासभर का पाहावे, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

त्या गृहस्थाला गाठींचे वावडेच होते. त्याचा दोर पोकळ विणीचा, पॉलिएथिलीनचा. नायलॉन पाणी पितो, ओला झाला की त्या थंडीत काठीसारखा ताठ होतो, शिवाय ताणला की लांबतो. पॉलिएथिलीन पाण्याला अंगाला लावून घेत नाही. फास हवा असेल तेथे तो दोराचे टोक एका पोकळ सुईत धरून दोराच्याच पोटात घालीत होता, अगदी पायजम्याच्या नेफ्यात नाडी ओवावी तसे. मग ओढ जितकी जास्त, तितकी वीण आवळते आणि आतले टोक तितकेच घट्ट धरले जाते. गाठ नाही, फुगवटा नाही, बर्फ साचायला जागा नाही. आमच्याकडे मांडीवर सुंभ वळणारी माणसे दोन दोर सांधताना पेड उसवून एकमेकांत गुंफीत, त्याचीच ही धाकटी बहीण म्हणायची.

मी तेथपर्यंत आळसावून पाहत होतो. उठून बसलो तो एका वीतभर दोरामुळे. घसरगाडीच्या प्रत्येक कुत्र्याला दोन दोर असतात. एक ओढीचा, तो अंगावरच्या साजाला, मागे शेपटीच्या मुळापाशी अडकवलेला असतो आणि सारे वजन त्याच्यावर. दुसरा गळपट्ट्यापासून मधल्या मुख्य दोराला, केवळ कुत्र्याने रांग सोडू नये म्हणून. हा दुसरा मुद्दाम बारीक, कच्चा ठेवतात. धावताना मध्ये झाड आले आणि जोडीतला एक कुत्रा डावीकडून, दुसरा उजवीकडून गेला, तर तो दोर तुटावा, मान अडकू नये.

झाड मध्ये आले, एवढे ऐकले आणि मला आमचा मोत्या दिसला.

आमची घसरगाडी पोफळीच्या विरीची, म्हणजे गळून पडलेल्या झावळीच्या रुंद बुडख्याची होती. एकाने विरीवर मांडी घालून बसायचे आणि दुसऱ्याने झावळीचा देठ धरून ओढायचे, हा खेळ ज्यांच्या दारात पोफळी आहेत त्यांना सांगायला नको. मी आठ वर्षांचा असेन. धाकट्या भावाला ओढून ओढून कंटाळलो, तेव्हा मोत्याला जुंपावे ही कल्पना मलाच सुचली. साज वगैरे आमच्या गावी नव्हते. गोठ्यातला सुंभ आणला, एक टोक देठाला, दुसरे मोत्याच्या मानेला, आणि दोन्हीकडे माझ्या माहितीतली सर्वांत भक्कम गाठ, म्हणजे निरगाठ. मोत्या दहा पावले गमतीने चालला. मग कुंपणावर वानर दिसले.

तो एका पोफळीच्या डावीकडून गेला आणि भावाला घेऊन विरी उजवीकडून. भाऊ केव्हाच पाटाच्या पाण्यात पडला होता. विरी दोन पोफळींमध्ये आडवी अडकली आणि मोत्या पुढचे पाय उचलून, जीभ बाहेर काढून लटकल्यासारखा उभा राहिला. मी गाठीशी झटत होतो. सुंभ पाटाच्या पाण्याने भिजलेला, गाठ फुगून सुपारीएवढी झालेली, तीत नख शिरेना. तेवढ्यात आबा आले. कमरेच्या आकडीतला कोयता काढला, एका घावात सुंभ तोडला, मोत्याची मान चोळली आणि काही न बोलता माडांकडे निघून गेले.

संध्याकाळी मात्र त्यांनी मला गोठ्यात बोलावले. "गोठ्यात आग लागली, जनावर निघालं, तर म्हशीला सोडायला वेळ किती मिळेल रे तुला?" एवढेच विचारून त्यांनी दावे माझ्या हातात दिले. दावे खुंट्याभोवती घ्यायचे, आणि शेवटी टोक पुरते आत न घालता दुमडून त्याचे बिरडे घालायचे. म्हशीने कितीही हिसके दिले तरी घट्ट, आणि माणसाने सुटे टोक एकदा ओढले की मोकळे. ही सुरगाठ त्यांनी मला अंधार पडेपर्यंत, नंतर अंधारातही, घालायला आणि सोडवायला लावली. म्हैस माझ्याकडे फार कंटाळून पाहत होती.

अलास्कातल्या गृहस्थानेही एका ठिकाणी आबांचाच न्याय लावला होता. निघण्याआधी कुत्री इतकी उतावीळ असतात की गाडी झाडाला बांधून ठेवावी लागते, आणि तो बांध एका हिसक्यात सुटेल असाच असावा लागतो. हातमोजे काढून नखाने गाठ उकलण्याची चैन तेथे नाही. ग्रीनलंडच्या उघड्या बर्फावर तर जोड्या न लावता प्रत्येक कुत्र्याला पंख्यासारखा स्वतंत्र दोर देतात. कुत्री धावताना जागा बदलतात आणि दोरांची वेणी घालून ठेवतात, ती गाडीवानाने पुन्हा पुन्हा थांबून सोडवायची. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस गाडीवानांनी आळीपाळीने सुमारे १,०८५ किलोमीटर औषध पोहोचवले, हे वाचतानाही माझे लक्ष त्या थंडीत आखडलेल्या बोटांकडेच जाते.

असो, चऱ्हाट फार लांबले. दुसऱ्या दिवशी हर्णै बंदरावर दोर आणायला गेलो. जुलै असल्यामुळे मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, दुकानदार निवांत. "काका, दोर कशाला हवाय? विहिरीला, गुरांना, की होडीला?" त्याने विचारले. होडीच्या नांगराला नायलॉन, कारण तो लांबतो आणि लाटेचा हिसका पचवतो. पाण्यावर तरंगायला हवा तर पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. मी सुंभ मागितला, तर तो हसला. हल्ली दोर वजनावर मिळतो. मी वावात, म्हणजे पसरलेल्या दोन हातांच्या मापात मागितला म्हणून दुसऱ्यांदा हसला.

पीपीचा निळा दोर घेऊन आलो. शेजाऱ्यांकडचा गळ आणून पोहरा वर काढला आणि पडवीत बसून दोर बांधायला घेतला. हा दोर गुळगुळीत, गाठ सरकते. सुरगाठ घालावी असे मनात होते, पण विहिरीत ती सुटली तर पुन्हा गळ मागायला जावे लागले असते. शिवाय माझे हात आपले आपणच चालतात. दुधाच्या पिशवीपासून गादीच्या वळकटीपर्यंत मी सगळ्याला निरगाठच मारतो आणि घरात बोलणी खातो. पोहऱ्याच्या कडीला मी एकीवर एक अशा तीन निरगाठी मारल्या, पाय लावून आवळल्या. दोर बदलायची वेळ येईल तेव्हा आबांचा कोयता पडवीत खुंटीला आहेच.