लेपोलोमो ले ले पिंकी

दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर अभयारण्यात दोन दिवस फिरलो, सिंह दिसला, हत्ती पोटभर दिसले. त्यावर भरपूर लोकांनी लिहिलंय. मला लिहायचंय ते सेखुखुने भागातल्या एका अंगणाबद्दल.

धाकटी बहीण प्रिटोरियात असते. तिच्या ऑफिसातल्या, तिथल्या बापेडी समाजातल्या मैत्रिणीची मावशी 'न्गाका' आहे, म्हणजे आपल्याकडच्या वैदूबाईसारखी. झाडपाल्याची औषधं माझ्या आवडीचा विषय, म्हणून मी हट्टच धरला. जेन फर्स गाव मागे टाकलं तेव्हा डिसेंबरचं ऊन डोक्यावर आलं होतं आणि गाडीतल्या भाच्याचा धीर संपला होता.

मैत्रिणीने वाटेत शिकवून ठेवलं होतं, तसं "थोबेला, कोको" म्हणून नमस्कार केला. कोको म्हणजे आजी. औषधाच्या खोलीत शिरण्याआधी चपला बाहेर काढायच्या होत्या, तिथेच मला निम्मं घरच्यासारखं वाटलं. आत बाटल्या, सालींचे तुकडे, मुळ्यांच्या जुड्या आणि एका पिशवीत कौल लावायची 'डिटाओला', म्हणजे हाडं. मी ते सगळं बघायला आले होते खरी, पण माझी नजर गेली ती दाराबाहेर, भिंतीच्या कडेला.

सदाफुली! पाच गुलाबी पाकळ्या, मधोमध गडद ठिपका, तुकतुकीत पान आणि पानाच्या मधोमध ती फिकट शीर. आमच्या वाईच्या घरी तुळशीवृंदावनाच्या फटीतून उगवते, अगदी तीच. शेळ्या तोंड लावत नाहीत, पाणी घालावं लागत नाही, आणि देवाला फुलं कमी पडली की आम्ही तिच्याकडे जातो.

"हिचं नाव काय?" मी विचारलं.

"लेपोलोमो ले ले पिंकी." गुलाबी फूल, एवढाच अर्थ. 'लेपोलोमो' आफ्रिकान्स भाषेतल्या 'ब्लोम'वरून (म्हणजे फूल) आलाय आणि 'पिंकी' तर आपल्यालाही कळतं. नावच सांगतं की झाड बाहेरून आलंय. ते मूळचं मादागास्करचं. आपणही ते बाहेरूनच घेतलं, पण नाव इतकं आपलं दिलं की मला जन्मभर ते वाईतलंच वाटत आलं.

कोकोने एक जुनी लोखंडी पट्टी घेतली, रोपाभोवतीची माती सैल केली आणि सबंध मूळ वर काढलं. पिवळसर, बोटभर जाड, बाजूला केसासारखी तंतुमुळं. माती तिने तळव्याने पुन्हा सारखी केली. हे मूळ उकळून त्याचा काढा द्यायचा. कशासाठी, ते सांगताना मैत्रिणीचा आवाज खाली आला, कोकोचा मात्र नाही. परम्यासाठी. आपल्याकडे ज्याला गुप्तरोग म्हणून गप्प बसतात, त्याबद्दल ही आजी सर्दी-खोकल्यासारखं बोलत होती. गडी एकटाच आला तर त्याला परत पाठवते, म्हणाली, बायकोला घेऊन ये म्हणते. मला ती बाई फार आवडली.

मग तिने विचारलं, "तुमच्याकडे कशाला वापरता?"

देवाला वाहतो, हे सांगून झालं. पुढचं सांगावं की नाही, कळेना. पण सांगितलं.

सासऱ्यांना साखरेचा त्रास होता. सदाफुलीची पानं सकाळी चावून खाल्ली की साखर उतरते, असं कुणीतरी सांगितलं. ती पानं रोज मी तोडून, धुऊन त्यांच्या हातावर ठेवत होते. त्यांनी हळूहळू गोळ्या सोडल्या. मला ते माहीत होतं आणि मी काही बोलले नाही, कारण झाडपाल्यावर माझाच विश्वास जास्त. चार महिन्यांनी पायाला जखम झाली, ती भरेना, शेवटी अंगठा काढावा लागला.

हे सगळं झाल्यावर मी वाचलं की 1952 साली जमैकाहून हीच पानं कॅनडात तपासायला गेली होती, साखरेसाठीच. उंदरांची साखर काही उतरली नाही. उतरल्या त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी. त्या धाग्यावरून पुढे विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कर्करोगावरची औषधं हाती आली. विनक्रिस्टिन आजही रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना शिरेतून देतात, तेही अगदी मोजून. आणि मी पानं मूठमूठ देत होते.

मैत्रीण एकेक वाक्य सेपेडीत, त्यांच्या भाषेत, सांगत गेली. कोको ऐकत होती, मूळ तसंच हातात. मग तिने तीनच गोष्टी विचारल्या. किती पानं? कुणी सांगितलं? सांगणारा पुन्हा बघायला आला का?

किती पानं ते मी कधी मोजलं नव्हतं. सांगणाऱ्याचं नाव आठवेना.

तिने मूळ मैत्रिणीच्या हातात दिलं, खोलीत नेऊन ठेवायला, आणि माझ्या पाठीवर मातीचाच हात ठेवला. त्या दिवशीचा कुर्ता मी अजून धुतलेला नाही.