रॅकून सिटीच्या पोलीस ठाण्यात एक रात्र, मोजक्या गोळ्यांत

गेल्या आठवड्यात पुन्हा एकदा रॅकून सिटीला जाऊन आलो. म्हणजे ‘रेसिडेंट ईव्हिल २’ हा झोंबींचा भयपट-छाप व्हिडिओ गेम, कॅपकॉमने २०१९ मध्ये नव्याने बनवलेला. मूळ गेम १९९८ चा. दोन नायकांपैकी लिऑन हा पोलीस घेतला (दुसरी क्लेअर), डिफिकल्टी स्टँडर्ड. याआधीची माझी फेरी तळघरातल्या पार्किंगमध्येच आटोपली होती. पिस्तुलात दोन गोळ्या, औषधाच्या नावाने शून्य आणि समोर कुत्रे. वर मी शहाण्याने एकाच स्लॉटवर सेव्ह करत आणलं होतं, त्यामुळे मागे फिरायचीही सोय नाही. (तुम्ही निदान तीन स्लॉट आलटून पालटून वापरा.)

या वेळी एकच ठरवून निघालो. अंगावर काय येतंय हे बघून गोळी झाडायची नाही. या वाटेने अजून किती वेळा जायचंय ते बघून झाडायची.

कारण हे ठाणं म्हणजे सगळा हेलपाट्यांचा कारभार. मधे मोठा हॉल, दोन्ही बाजूंना मजल्यावर मजले, आणि सिंह, युनिकॉर्न, युवती अशी तीन पदकं गोळा करताना तेच ते कॉरिडॉर दहा वेळा तुडवायचे. पश्चिमेचा तळमजल्यावरचा कॉरिडॉर तर विचारूच नका. डार्करूमला जायचं तर तिथून, जिन्याला जायचं तर तिथून. तिथल्या झोंबींवर मी सढळ हाताने गोळ्या खर्च केल्या. पूर्वेकडच्या ज्या खोलीत एकदाच शिरायचं होतं, तिथला झोंबी मात्र जिवंत सोडला. जिवंत म्हणजे, तुम्हाला कळलं.

आता गोळ्यांचा हिशोब. झोंबी डोक्यात कधी तीन गोळ्यांत आडवा होतो, कधी सहा घालूनही चालत येतो. गेम आतल्या आत तुमची कामगिरी बघून अवघडपणा कमी-जास्त करतो, शिवाय नशिबाचाही भाग असतो. पण एक आपल्या हातात आहे. नेम धरून जागेवर उभं राहिलं की क्रॉसहेअरच्या (पडद्यावरच्या नेमाच्या खुणेच्या) रेषा आत सरकतात, आणि त्या पूर्ण मिटल्यावर सुटलेली गोळी जास्त जोरात लागते. मागे सरकत भराभर झाडलेल्या गोळ्या म्हणजे पाण्यात घातलेला पैसा. तेवढा एक सेकंद उभं राहणं हीच या गेममधली सगळ्यात अवघड गोष्ट, कारण तो हात पसरून येत असतो आणि आपला अंगठा आपोआप कंट्रोलरची स्टिक मागे ओढतो.

जिथे मारायचं नाही, तिथे गुडघा. एक-दोन गोळ्यांत तो लटपटतो, तेवढ्यात बाजूने सटकायचं. पाय तुटलाच तर उत्तम, पण मग अंधारात खाली बघत चाला, सरपटणारे घोट्याला धरतात. आणि पडलेला झोंबी मेला असं धरून चालू नका. डोकं फुटलं तरच खात्री. मी एकदा पडलेल्याला ओलांडून ड्रॉवर उघडायला गेलो आणि पाठीमागून मिठी बसली. तेव्हापासून जमिनीवरच्या प्रत्येकाला आधी चाकूने डिवचतो. चाकूची धार मात्र संपते. कोणी पकडल्यावर तोच चाकू वापरून सुटका केली, तर तो त्याच्या अंगातच रुततो; त्याला पाडून परत काढून घ्यायला विसरू नका.

लाकडी फळ्या मिळाल्या की त्याही पश्चिमेच्याच खिडक्यांना. बाहेरून आत येणारा प्रत्येक झोंबी म्हणजे पाच-सहा गोळ्या, आणि फळी फुकट.

याच पट्ट्यात लिकर भेटते. लिकर म्हणजे दारू नव्हे; कातडी सोललेलं, मेंदू उघडा पडलेलं, लांब जिभेचं जनावर, छताला पालीसारखं चिकटून. तिला दिसत नाही, ऐकू मात्र चांगलं येतं. हे मला माहीत होतं. तरी पहिल्यांदा नखांचा तो आवाज डोक्यावरून सरकला आणि मी धूम ठोकली. चार पावलांत जीभ गळ्याशी. दुसऱ्या खेपेला स्टिक अगदी हलकी पुढे केली आणि भिंतीला घासत, मुंगीच्या चालीने निघालो. ती खाली उतरली होती. मी थांबलो. ती माझ्या बुटांपासून वीतभर अंतरावरून गेली, मान वळवली, थांबली, पुन्हा निघाली. मी खरोखरच श्वास रोखला होता, जणू तिला सोफ्यावरचा मीही ऐकू येणार होतो. तिच्यावर एकही गोळी खर्च झाली नाही. फक्त वाटेतून बाजूला राहा. अंगाला घासली तर हल्ला ठरलेला. अगदीच कोंडी झाली तर फ्लॅश ग्रेनेड.

आणि मग मिस्टर एक्स, हॅट घालून ठाणंभर तुमचा पाठलाग करणारा राक्षसी धिप्पाड गडी. दुसऱ्या मजल्यावरच्या हेलिकॉप्टरची आग विझवलीत की तो ते धूड हाताने बाजूला सारून येतो. दारातून येताना हॅट सांभाळत वाकतो, तेवढी एक त्याची सभ्यता. तो मरत नाही. भरपूर मारा केला तर गुडघ्यावर बसतो, जरा वेळाने उठतो, गोळ्या तेवढ्या गेलेल्या असतात. माझ्या मते त्याच्यावर गोळी झाडणं ही हौस आहे (हॅट उडवायची ट्रॉफी हवी असेल तर एकदाच). पळा, पण सरळ रेषेत नको. मी त्याला मधल्या हॉलच्या काउंटरभोवती फिरवलं आणि तो ठोसा मारून सावरेपर्यंत दार गाठलं. हॉलमध्ये टाइपरायटर (म्हणजे गेम सेव्ह करायची जागा) आहे म्हणून तो येणार नाही असं समजू नका, बिनदिक्कत येतो. डार्करूममध्ये येत नाही. हेडफोन लावलेत तर बुटांच्या आवाजावरून तो वर आहे की शेजारी ते कळतं. तो लांब असेल तेव्हाच कामं उरकायची. आणि त्याच्यापासून पळत लिकरच्या कॉरिडॉरमध्ये शिरू नका. मी शिरलो. आगीतून फुफाट्यात.

सामानाचं सांगायचं तर सुरुवातीला आठच कप्पे. वेस्ट ऑफिसमधल्या तिजोरीत कमरेचा पाउच आहे: डावीकडे ९, उजवीकडे १५, डावीकडे ७. तो आधी घ्या. बारूद लगेच कालवू नका. साधी दोन मिसळली तर पिस्तुलाच्या गोळ्या, साधी आणि पिवळी मिसळली तर शॉटगनची काडतुसं. गरज बघून ठरवा. चावीच्या चित्रावर लाल टिक आली की तिचं काम संपलं, टाकून द्या. नकाशावर खोली लाल असेल तर तिथे अजून काहीतरी शिल्लक आहे, निळी झाली की पुन्हा फिरकायचं कारण नाही.

पुढचं भराभर सांगतो. पार्किंगमधल्या कुत्र्यांना शॉटगन, नेम धरायच्या भानगडीत पडू नका. गटारात निळी वनस्पती जवळ ठेवा, तिथले गचाळ प्राणी विष देतात. लिऑनला तिथेच आग ओकणारी बंदूक मिळते. तिचं इंधन गटारात उधळू नका, कारण प्रयोगशाळेतली वेलींची माणसं जाळल्याशिवाय कायमची मरत नाहीत आणि त्यांची पकड म्हणजे थेट मरण.

शेवटी बाहेर पडलो तेव्हा शॉटगनची १४ काडतुसं उरली होती, आणि ठाण्यात मागे सोडलेले निदान नऊ झोंबी. आता क्लेअरची दुसरी फेरी सुरू केली आहे. तिच्यात तो हॅटवाला फारच लवकर टपकतो, म्हणून पश्चिमेच्या खिडक्या पहिल्या तासातच बुजवून घेतल्या.