कलमांनी पोसलेलं रान : आमची वाटचाल

दापोली तालुक्यात रोपवाटिका काढणं ही काही नवलाची गोष्ट नाही. 1972 साली कृषी विद्यापीठ इथे आलं, 1990 मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली, आणि ज्याच्याकडे विहीर नि चार गुंठे सावली तो कलमं बांधायला बसला. आमची रोपवाटिका त्या योजनेच्याही आधीची, 1986 ची. हे मुद्दाम सांगते, कारण ‘तालुक्यातली सर्वांत जुनी’ अशी पाटी हल्ली दुसऱ्याच कुणाच्या तरी फाटकावर झळकते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, धंद्याला अगदी कुचकामी माणूस. गिऱ्हाईक हापूसची शंभर कलमं न्यायला यायचं आणि अण्णांची उलटतपासणी सुरू व्हायची. जागा कुठली? कातळ की माती? तिथे आत्ता काय उभं आहे? चांगला ऐन किंवा किंजळ असा जंगली वृक्ष उभा आहे असं कळलं, की ‘तो तोडणार असाल तर माझ्याकडे कलमं नाहीत’ म्हणून मोकळे. मागे कलमांच्या रांगा दिसत असायच्या. आई कपाळावर हात मारायची.

कलमांतून जे मिळायचं त्यातलं बरंचसं मागच्या वाफ्यांत जायचं. तिथे उंडी, सुरंगी, सीताअशोक, बकुळ, बेहडा, काजरा अशी रोपं. विकत कोण घेणार? दोन-दोन वर्षं पिशव्या तशाच पडून, मुळं पिशवी फाडून जमिनीत घुसलेली. तरी वैशाख आला की अण्णा बियांसाठी बाहेर. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर फटीतून फळं भरवतो आणि बिया खाली पडतात. पिल्लं उडाली की अण्णा गोणपाट घेऊन त्या ढोलीखाली हजर. देवराईतलं बी उचलायचं तर आधी गुरवाच्या कानावर घालून, नारळ ठेवून, आणि खाली पडलेलंच. लहानपणी मी बरोबर जायची. शाळा बुडवायला बाप स्वतः सांगतो म्हटल्यावर दुसरा मित्र लागतो कशाला?

त्यांची बियांची वही आजही कपाटात आहे. एका पानावर एवढंच : ‘सुरंगी, नदीकडची. कळ्या सगळ्या गजऱ्यांना गेल्या. बी नाही.’ खाली दोन रेघा मारल्यात. राग आला की ते रेघा मारायचे.

भाईकाका भेटले ते उंडीमुळेच. ते बंदरावरचे, होडीला लावायचं तेल काढायला उंडीच्या बिया वेचत होते, अण्णा रोपांसाठी. दोघांची आधी भांडणं झाली, मग भागी. पैसा जेमतेम होता, तो अण्णांचा. हात मात्र भाईकाकांचे, आणि तसा हात मी पुन्हा पाहिला नाही. कोय कलम, म्हणजे कोयीतून उगवलेल्या कोवळ्या रोपावर चांगल्या आंब्याची काडी बांधणं, ते वाचणाऱ्यांना सांगायला नको, पण भाईकाकांचा काप सांगायलाच हवा. काडीच्या प्रत्येक बाजूला एकच ओढ. दुसरी दिली की काप लहरतो, फट राहते, फटीत पाणी शिरतं आणि कलम काळं पडतं. चाकू जुन्या करवतीच्या पात्याचा, लोहाराकडून करून घेतलेला, मूठ शिसवाची. दर पंचवीस-तीस कलमांनंतर पाणी घालून दगडावर दोन हात. बाजारातला दुमडीचा चाकू त्यांनी कधी हातात धरला नाही. ‘तो सफरचंद कापायला ठेवा’ म्हणायचे. तो करवतीचा चाकू आता माझ्याकडे आहे. पातं झिजून निम्मं झालंय, तरी कुणाला हात लावू देत नाही.

मधली वर्षं बरी गेली. शिकून मी परत आले, शेडनेट घातलं, त्याचं कर्ज काढलं.

आणि 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. शेडनेट पहिल्या तासाभरातच गेलं, मग पडवीचे पत्रे, मग झाडं. हापूसचे मातृवृक्ष, म्हणजे ज्यांच्या काड्या कलमांना घ्यायच्या ते, निम्म्याहून जास्त आडवे. तेही कोणत्या मुहूर्तावर, तर कलमांचा हंगाम तोंडावर असताना. टाळेबंदीमुळे माणसं नाहीत, महिनाभर वीज नाही. पंचनाम्याला आलेल्या माणसाच्या कागदात उभी झाडं होती, पडलेली झाडं होती. पिशवीतलं रोप कुठल्या रकान्यात घालायचं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. ‘मॅडम, हे गवतात धरू का?’ असं त्याने मला विचारलं होतं.

मी बंद करायचं ठरवलं होतं. अण्णा पंचाहत्तरीला आलेले. सकाळी उठून आडव्या हापूसभोवती फिरले आणि म्हणाले, ‘पडलंय गं, मेलं नाही अजून. माती आण.’ ज्यांची निम्मी मुळं जमिनीत होती त्यांच्यावर आम्ही माती ओढली, वर पातेरा, म्हणजे वाळका पाला, त्यावर ओली गोणपाटं. फांद्या हिरव्या राहिल्या. पण ज्यांवर काडी बांधायची त्या खुंटांचं काय? रायवळाचा, म्हणजे बीपासून वाढलेला गावठी आंबा तर रस्तोरस्ती सडत पडला होता. गावातल्या पोरांना हाताशी धरून कोयी गोळा केल्या, धुतल्या, रुजत घातल्या. जुलैत तांबूस पानांची रोपं वर आली. काड्यांची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापली होती. देठ गळले, डोळे फुगले. भाईकाकांचे गुडघे गेलेले, ते कुणाच्या तरी मासळीच्या टेम्पोतून चाकू घेऊन आले. वादळाने पाडलेल्या रायवळाच्या कोयीवर वादळाने पाडलेल्या हापूसची काडी, अशी ती कलमं. नेहमीच्या पाव हिश्शाएवढीसुद्धा झाली नाहीत. कर्जाचा हप्ता मात्र निघाला.

आता दुसरी बाजू. त्याच पावसाळ्यात शेजारच्या एका रोपवाटिकेत घाटापलीकडून कलमांचे ट्रक उतरले. नाव घेत नाही, तालुक्याला माहीत आहे. उद्ध्वस्त बागायतदाराला कलम लगेच हवं होतं, माझ्याकडे नव्हतं, त्यांच्याकडे स्वस्तात होतं. आमची वीस-वीस वर्षांची गिऱ्हाइकं गेली. ‘अण्णांची पोरगी महाग लावते,’ हेही पसरवलं गेलं. आंब्याचं एक असतं, लबाडी पाच वर्षांनी फळते. गेल्या मोसमापासून लोक मला मोबाइलवर फोटो पाठवतात : ताई, हा कुठला आंबा? मी बघून सांगते, हापूस सोडून काहीही.

विषय निघालाच आहे तर ऐका. कलम घेताना पानांचा तजेला बघू नका, सांधा बघा. सांध्याखालून फुटवा आला असेल तर तो रायवळाचा. तो वाढला की हापूस बसतो. सांध्यावर बांधलेली पट्टी सोडलेली नसेल तर लावण्याआधी सोडा, नाहीतर खोड आवळतं. खड्डा मे महिन्यातच मारून तापू द्या, पावसाच्या तोंडावर नको. सांधा मातीच्या वर ठेवा. आणि पिशवी काढा हो! पिशवीसकट लावणारे सुशिक्षित लोक मी पाहिलेत. विकणाऱ्याला मातृवृक्ष दाखवायला सांगा. तो चहा पाजायला लागला तर उठा.

अण्णा 2022 च्या फेब्रुवारीत गेले, भाईकाका त्याच वर्षी मिरगाच्या आधी. अण्णांच्या तेराव्यानंतर पहिलाच बागायतदार आला तो म्हणाला, ‘मालक कोण आता?’ मी समोर बसून त्याचीच पावती लिहीत होते.

गंमत म्हणजे आता सगळ्यांना देशी झाडं हवीत. रिसॉर्टवाल्यांना बकुळ हवी, मुंबईहून जमीन घेतलेल्यांना सीताअशोक. मागचे वाफे पुढे आणावे लागले. उंडी मात्र अजून सगळ्यांकडे होत नाही, कारण कवचासकट पेरलेली महिनोन् महिने उगवत नाही आणि आतला गर न दुखवता एकेक कवच दगडावर फोडत बसायला कुणाला वेळ नाही. ते काम मी अण्णांकडून शिकले.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या त्या फाटकावर दुसरी पाटी लागली, ‘सर्व प्रकारचे देशी वृक्ष मिळतील’. चार दिवसांनी त्यांचा माणूस माझ्याकडे आला, उंडीची दोनशे रोपं हवी होती, घाऊक भावाने. मी दिली. किरकोळ भावाने, रोख, आणि पावतीवर आमचं नाव ठळक शिक्का मारून.