पिन मिळाला, पण किल्ली मिळाली नाही

२०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत तेवीस दिवस असे गेले, की माझे नाव नोंदणी क्रमांकासह (त्याला इथे पिन म्हणतात) ब्रिटनच्या परिचारिकांच्या नोंदवहीत होते, कोणालाही ते संकेतस्थळावर शोधून पाहता येत होते, आणि तरीही मला माझ्याच वॉर्डमधल्या रुग्णाला पॅरासिटामोलची एक गोळी देण्याची परवानगी नव्हती. नियामक संस्थेने आपले काम वेळेत केले होते. गाडी अडली ती मी ज्या रुग्णालयात नोकरी करत होते, त्याच्या नेमणूक कार्यालयात. त्या रुग्णालयाचे नाव मी लिहिणार नाही, पण ते तेवीस दिवस अजून माझ्या मनातून गेलेले नाहीत. सांगली-कोल्हापूरकडच्या मैत्रिणी आजही फोन करून हीच प्रक्रिया विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

मी जीएनएम, म्हणजे परिचारिकेची पदविका, केले, मिरजेत पाच वर्षे अतिदक्षता विभागात काम केले आणि इंग्लंडसाठी अर्ज केला. भाषेची परीक्षा, सीबीटी नावाची संगणकावरची लेखी परीक्षा, कॉलेजकडून आणि आपल्याकडच्या नर्सिंग परिषदेकडून जाणारी पडताळणी हे सगळे वेळखाऊ असले तरी रीतसर पार पडले, त्यामुळे त्यावर शब्द घालवत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत मी इथे आले. शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा, जिला इथे सगळे ऑस्की म्हणतात, ती उत्तीर्ण होईपर्यंत आपण परिचारिका नसतो. बँड ४ या खालच्या वेतनश्रेणीवर साहाय्यक म्हणून काम करायचे, रुग्णाला अंघोळ घालायची, रक्तदाब-तापमान नोंदवायचे, पण औषधांच्या ट्रॉलीला हात लावायचा नाही. माझी ऑस्की एप्रिलमध्ये नॉर्थम्प्टनला होती. तेव्हा संपूर्ण ब्रिटनमध्ये या परीक्षेची तीनच केंद्रे होती: नॉर्थम्प्टन, ऑक्सफर्ड ब्रूक्स आणि अल्स्टर ही तीन विद्यापीठे. मार्चमध्ये टाळेबंदी आली, केंद्रे बंद झाली आणि माझी तारीख रद्द झाली.

इथली नियामक संस्था म्हणजे नर्सिंग अँड मिडवाइफरी काउन्सिल, एनएमसी. (आपल्याकडे डॉक्टरांच्या राष्ट्रीय आयोगालाही एनएमसी म्हणतात, पण त्याचा हिच्याशी काही संबंध नाही. माहिती शोधताना हा घोळ हमखास होतो.) २५ मार्च २०२० रोजी ब्रिटनच्या संसदेचा कोरोनाव्हायरस कायदा मंजूर झाला आणि त्याने या संस्थेला आणीबाणीच्या काळापुरती वेगळी नोंद करण्याचा अधिकार दिला. दोनच दिवसांनी, २७ मार्चला, तात्पुरती नोंदवही सुरू झाली. आधी गेल्या तीन वर्षांत नोंदणी सोडलेल्या परिचारिकांना आणि प्रसाविकांना बोलावले, आणि मग आमच्यासारख्या परदेशी उमेदवारांना, म्हणजे ज्यांचे ऑस्की सोडून बाकी सगळे पूर्ण झाले होते त्यांना. शुल्क एक पैसाही नव्हते. मला आलेल्या ईमेलमधला छोटा अर्ज मी रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत भरला आणि काही दिवसांतच नोंदवहीत माझे नाव दिसू लागले.

या संस्थेबद्दल मला मनापासून आदर वाटतो. त्या वेळी तिने दार सताड उघडले नाही आणि बंदही ठेवले नाही. आमच्या नोंदीवर दोन अटी होत्या. काम आरोग्य वा शुश्रूषा सेवेतल्या नोकरीतच करायचे, आणि तेही नेहमी अशा नोंदणीकृत व्यावसायिकाच्या मार्गदर्शनाखाली, जिची स्वतःची नोंद तात्पुरती नाही. ही दुसरी अट नीट वाचा. रात्री वॉर्डवर दोघी असल्या आणि दोघींच्याही नोंदी तात्पुरत्या असल्या, तर तसे चालत नव्हते, आणि हे पाळीच्या प्रमुखाला सांगणे ही आपली जबाबदारी होती. आधीपासून कायम नोंद असलेल्यांनाही या संस्थेने सवलत दिली. दर तीन वर्षांनी साडेचारशे तासांचे काम आणि पस्तीस तासांचे शिक्षण दाखवून जी फेरनोंदणी करावी लागते, तिची मुदत वाढवली. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींना या तात्पुरत्या नोंदवहीत घेण्याचा विचार झाला होता, पण तो बाजूला ठेवून त्यांच्यासाठी प्रशिक्षणाचे आणीबाणीतले नियम केले गेले. त्या महिन्यात एवढे सगळे बदलण्याची तयारी एका मोठ्या संस्थेने दाखवली.

आता माझ्या नावाचे सांगते, कारण सगळे अडले ते तिथेच.

मी एनएमसीकडे अर्ज सुरू केला तो लग्नाआधी, माहेरच्या नावाने. २०१९ च्या मे महिन्यात लग्न झाले, नवा पासपोर्ट सासरच्या नावाने निघाला आणि व्हिसा त्यावर आला. एनएमसीकडचे नाव ऑस्कीच्या वेळी बदलून घेऊ, असे मी ठरवले होते आणि ती चूक माझी होती. तात्पुरती नोंद जुन्या माहितीवरून झाली, त्यामुळे तिथे माहेरचे नाव लागले, आणि रुग्णालयाच्या दप्तरी पासपोर्टवरचे नाव होते. मी एनएमसीला विवाह प्रमाणपत्राची स्कॅन केलेली प्रत आणि पुण्याहून करून आणलेले त्याचे इंग्रजी भाषांतर पाठवले आणि आठवड्याच्या आत त्यांनी नाव दुरुस्त केले. मला वाटले, संपले.

नेमणूक कार्यालयाने मात्र सांगितले, की माझी पदविका आणि जुन्या नोकरीची शिफारसपत्रे अजून वेगळ्या नावावर आहेत, आणि ती व्यक्ती मीच आहे हे मूळ विवाह प्रमाणपत्र पाहिल्याशिवाय मान्य करता येणार नाही. तोवर बँड ५ ही नोंदणीकृत परिचारिकेची वेतनश्रेणी नाही, औषधे देण्याची परवानगी नाही, औषधांच्या कपाटाची किल्ली नाही. मी फोनवर पुन्हा पुन्हा समजावले. इंग्लंडमध्ये लग्नानंतर आडनाव बदलते, हे त्यांना माहीत होते. पण आपल्याकडे मधले नावही बदलते, आधी वडिलांचे असते आणि मग नवऱ्याचे येते, हे त्या बाईंना काही केल्या पटेना. तीनपैकी दोन शब्द वेगळे असतील तर ती दोन माणसेच असणार, असा त्यांचा हिशेब होता, आणि त्यांच्या तक्त्यात तिसरा पर्याय नव्हता. त्या बाई वागायला सौजन्यशील होत्या, प्रत्येक ईमेलला उत्तर द्यायच्या, आणि प्रत्येक उत्तरात तेच वाक्य असायचे.

मूळ प्रमाणपत्र वाळवा तालुक्यातल्या गावी, सासऱ्यांच्या लोखंडी कपाटात होते. भारतात २५ मार्चपासून टाळेबंदी होती, प्रवासी विमाने बंद होती, टपाल आणि कुरिअर दोन्ही अडले होते. कुरिअरच्या कार्यालयापर्यंत जायचे तरी पोलिसांचा पास लागत होता. आणि इकडे ते नेमणूक कार्यालय स्वतः घरून काम करत होते. मी प्रमाणपत्र हातात घेऊन गेले असते, तरी ते पाहायला तिथे खुर्चीत कोणी नव्हते. ही गोष्ट मी तीन ईमेलमध्ये लिहिली. तिचे उत्तर एकदाही आले नाही.

त्या दिवसांतली एक रात्र सांगते. आमचा वॉर्ड कोविडचा झाला होता. पहाटे तीनच्या सुमाराला कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजोबांना ताप चढला, थंडी वाजू लागली. गोळी त्यांच्या तक्त्यावर लिहिलेली होती, ट्रॉली माझ्यापासून चार पावलांवर होती. मी पाच वर्षे अतिदक्षता विभागात शिरेतून द्यायची औषधे मोजून दिली आहेत. पण मला बाजूच्या खोलीत गुंतलेल्या सिस्टरची वाट पाहावी लागली. ती रुग्णाजवळून मोकळी होऊन, एप्रन-मोजे काढून, हात धुऊन, नवा संच चढवून येईपर्यंत पंचवीस मिनिटे गेली. आजोबा माझा हात धरून होते आणि गोळी कधी मिळेल, असे विचारत होते. मी त्यांना काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डच्या मेट्रनकडे गेले. हे मी पहिल्याच आठवड्यात करायला हवे होते. आपल्याकडे वरिष्ठांकडे तक्रार घेऊन जाताना मन कचरते, नवीन माणसाने तोंड उघडू नये असे वाटते. इथे तो संकोच धरू नका. मेट्रनबाईंना हा प्रकार माहीतच नव्हता. त्यांना एवढेच कळले होते, की माझी कागदपत्रे तपासली जात आहेत. त्यांनी माझ्यासमोरच कार्यालयाच्या प्रमुखांना फोन लावला. मी त्यांच्या हातात एक कागद दिला. नोकरीचा हक्क तपासताना मूळ कागदांऐवजी स्कॅन प्रत घेऊन व्हिडिओ कॉलवर मूळ कागद पाहावा, अशी सवलत इथल्या गृहखात्याने ३० मार्चपासूनच दिली होती. ती तपासणी वेगळी आणि ही वेगळी, हे मला ठाऊक होते. पण देशात कोणाला काम करू द्यायचे, याची खात्री जर पडद्यावर पाहून होत असेल, तर एका विवाह प्रमाणपत्राची का होऊ नये, हा प्रश्न मेट्रनबाईंनी माझ्यापेक्षा कितीतरी ठामपणे विचारला. अडलेल्या कार्यालयाला नुसती विनंती करू नका. दुसऱ्या मोठ्या कार्यालयाने हेच कसे मान्य केले आहे, ते लेखी दाखवा.

व्हिडिओ कॉल ठरला इथल्या सकाळी अकराला, म्हणजे गावाकडे दुपारी साडेतीनला. घरात रेंज येत नाही म्हणून माझ्या धाकट्या दिरांनी सासऱ्यांना, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, भर उन्हात गच्चीवर नेले. अण्णा धुतलेला सदरा आणि टोपी घालून आले होते. प्लास्टिकच्या पिशवीतून त्यांनी प्रमाणपत्र काढले आणि ते छातीशी धरून उभे राहिले. कार्यालयातल्या बाईंनी ग्रामपंचायतीचा गोल शिक्का नीट दिसावा म्हणून कागद तिरपा करायला सांगितले, मी ते मराठीत सांगितले, अण्णांनी कागद तिरपा केला. जांभळी शाई कागदाच्या मागच्या बाजूला थोडी उमटली होती, तीही त्यांनी उलटून दाखवली. बाईंनी माझी स्कॅन प्रत शेजारी ठेवून ताडून पाहिली, अनुक्रमांक मला इंग्रजीत वाचून दाखवायला सांगितला. सगळे मिळून अकरा मिनिटे लागली. अण्णांनी शेवटी विचारले, “झालं का गं पोरी तुझं काम?” आणि मला बोलताच येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी परवानगी आली. दुपारच्या पाळीला सिस्टरने औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, आणि आनंदाच्या जोडीला रागही तितकाच दाटून आला. अकरा मिनिटांच्या कामासाठी तेवीस दिवस गेले होते. ते आजोबा तोवर बरे होऊन घरी गेले होते, हे माझे भाग्य.

एक राहिले. नोंद झाल्यावर बँड ५ चा पगार कोणत्या तारखेपासून धरणार, हे पहिल्याच दिवशी ईमेलवर विचारून ठेवा. मी विचारले होते, म्हणूनच त्या तेवीस दिवसांचा फरक मला नंतर मिळाला. माझ्याबरोबर आलेल्या एका मुलीने सगळे तोंडी ठेवले आणि तिला परवानगीच्या तारखेपासूनच धरले.

तात्पुरत्या नोंदीवर काम करत राहिले तरी ऑस्की चुकत नव्हती. कायम नोंदीसाठी ती द्यावीच लागते. केंद्रे जुलैपासून हळूहळू उघडली आणि मी सप्टेंबरमध्ये परीक्षा दिली. तेव्हा तिचे शुल्क ७९४ पौंड होते, ते माझ्या रुग्णालयाने भरले. तेव्हाच्या परीक्षेत सहा स्थानके होती: रुग्णाची तपासणी, नियोजन, अंमलबजावणी, मूल्यमापन आणि दोन कौशल्ये. मास्क लावून बोलताना आपले उच्चार परीक्षकाला कळत नाहीत, म्हणून सावकाश आणि मोठ्याने बोला. हात धुण्याची पायरी विसरू नका, आणि धुताना तोंडाने सांगत राहा. ऑगस्ट २०२१ पासून दहा स्थानकांचा नवा नमुना आला आहे, तेव्हा माझ्या काळातल्या वह्या कोणी देऊ केल्या तर त्यावर विसंबू नका. दारात पासपोर्ट तपासला तेव्हा नाव जुळले, कारण ते एप्रिलमध्येच दुरुस्त झाले होते.

लग्न ठरले असेल आणि अर्ज चालू असेल, तर पासपोर्ट बदलला त्याच आठवड्यात नियामक संस्थेलाही कळवा. मधले नाव म्हणजे काय, आधी कोणाचे असते आणि नंतर कोणाचे येते, हे चार ओळींत इंग्रजीत लिहून ठेवा आणि प्रत्येक अर्जाला जोडा. मूळ प्रमाणपत्र बरोबर आणा. टाळेबंदी उठल्यावर अण्णांनी ते टपालाने पाठवू का, असे विचारले होते, पण मी नको म्हणाले. पुढच्या सुट्टीत गावी गेले तेव्हा ग्रामपंचायतीतून सही-शिक्क्याची दुसरी प्रत काढली. ती इथे माझ्याजवळ आहे, आणि पहिली अजून अण्णांच्या कपाटात आहे.