माउंट लिस्टमधल्या डिस्क नसलेल्या फाइलसिस्टीम्स: इथपर्यंत पोचलोय

जुन्या लॅपटॉपवर डेबियन १३ (लिनक्सचा एक प्रकार) मस्त चालतंय, बूटचा भाग बऱ्यापैकी डोक्यात शिरलाय, म्हणून आता माउंटच्या, म्हणजे फाइलसिस्टीम फोल्डरला जोडण्याच्या, मागे लागलोय. टर्मिनलवर नुसतं माउंट टाइप केलं की पानभर लिस्ट येते आणि त्यात खऱ्या डिस्कच्या ओळी अगदी मोजक्या, बाकी सगळं प्रॉक, सिसएफएस, डेव्हपीटीएस, टीएमपीएफएस, सीग्रुप२, पीस्टोअर वगैरे. त्यापेक्षा फाइंडमाउंट (findmnt) वापरा, कोण कोणाच्या पोटात आहे ते लगेच दिसतं. आणि /प्रॉक/फाइलसिस्टीम्स वाचा, ज्याच्यापुढे नोडेव्ह लिहिलंय त्याला खाली डिस्क लागत नाही.

मला गाडी पुढे सरकली ती एका प्रश्नाने. यात काय ठेवलंय असं विचारायचंच नाही, वाचायला गेल्यावर उत्तर कोण देतंय ते विचारायचं. /प्रॉक/मेमइन्फोला एलएस -एल लावा, साइज ० दिसते, कॅट करून आतलं वाचा तर भरभरून मजकूर येतो, कारण ती फाइल कुठे पडलेलीच नाहीये, आपण वाचतो तेव्हा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आकडे काढून हातात देतं. प्रोसेस (चालू प्रोग्राम) फाइलसारखी दिसावी ही आयडिया लिनक्सच्याही आधीची, १९८४ मध्ये टॉम किलियनने युनिक्सच्या आठव्या आवृत्तीत केलेली. लिनक्सने त्यात प्रोसेसशी संबंध नसलेलंही बरंच कोंबलं, मग २००३ च्या २.६ कर्नलमध्ये डिव्हाइसेससाठी सिसएफएस आलं, आणि त्याचा नियम मला फार आवडतो: एका फाइलमध्ये एकच व्हॅल्यू. /सिस/क्लास/थर्मलमधली टेम्प फाइल वाचली की ७१००० असा नुसता आकडा येतो, मिलि-अंशात, म्हणजे ७१ डिग्री. ठाण्याच्या ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी हा आकडा बघत बसण्यासारखा असतो, आणि स्क्रिप्ट लिहायला काही कापाकापी लागत नाही.

सगळ्यात भारी प्रयोग एफडीचा (प्रोसेसने उघडलेल्या फाइल्सचे नंबर), हा प्रत्येकाने कराच. एका टर्मिनलमध्ये टेल -एफ लावून एखादी लॉग फाइल उघडी ठेवा, दुसऱ्यातून ती डिलीट करा, मग त्या प्रोसेसचा नंबर घेऊन /प्रॉक/नंबर/एफडीमध्ये जा, तिथे लिंक अजून जिवंत असते, शेवटी डिलीटेड लिहिलेलं, आणि सीपीने कॉपी केली की अख्खी फाइल परत! प्रोसेस चालू आहे तोवरच हं.

टीएमपीएफएस मात्र वेगळं, तिथे खरंच डेटा राहतो पण मेमरीत, गरज पडली तर स्वॅपमध्ये (मेमरी कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा). डिफॉल्ट मर्यादा रॅमच्या निम्मी, पण ती फक्त मर्यादा, जागा आधीच अडवून ठेवत नाही. डेबियन १३ मध्ये नव्याने इन्स्टॉल केलं की /टेम्पसुद्धा यावरच असतं, तेव्हा मोठी डाउनलोड तिथे टाकू नका. ऐरोलीच्या मित्राला रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरचे लॉग टीएमपीएफएसवर टाकायचेत, एसडी कार्ड कमी झिजावं म्हणून. कार्डासाठी चांगलंच आहे, पण पावसाळ्यात लाइट गेली की लॉगही गेले, आणि रास्पबेरी पाय का बंद पडला हे शोधायला नेमके तेच हवे असतात. मी असतो तर लॉग कार्डावरच ठेवून बडबड कमी केली असती.

ईएफआयव्हारएफएसमध्ये मात्र खेळू नका, तिथली उत्तरं थेट मदरबोर्डच्या फर्मवेअरमधून (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) येतात. २०१६ मध्ये रूटमधून सगळं डिलीट केल्यावर काही मशीन चालूच होईनात अशी प्रकरणं झाली, त्यानंतर कर्नलने तिथली बहुतेक व्हेरिएबल्स डिफॉल्टच न बदलता येणारी करून टाकली. मी फक्त वाचतो.

पुढचा नंबर सीग्रुप२ चा, प्रोसेसच्या गटांना मेमरी वगैरेची मर्यादा घालतं ते. एमकेडिर करून नुसता फोल्डर बनवला की आत कंट्रोलच्या फाइल्स आपोआप उगवतात, एवढं बघून झालंय. आता ब्राउझरला त्यातल्या मेमरी.मॅक्स फाइलने आवळून बघायचंय, ४ जीबी रॅमच्या मशीनवर कोणी केलं असेल तर मर्यादा किती ठेवली ते सांगा.