ढोल आहे, पण पोट नाही

परभणीच्या आमच्या शाळेचं गॅदरिंग संक्रांतीनंतरच्या आठवड्यात असायचं. पत्रिकेवर 'वार्षिक स्नेहसंमेलन' छापलेलं असे, पण तो शब्द फक्त सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंच्या तोंडी. लेझीम, कोळीनृत्य, शेलापागोटे आणि दर वर्षी हुंड्यावरची तीच एकांकिका. मला यातलं काहीच येत नव्हतं, म्हणून सरांनी मला स्पीकरवाल्या चाचांच्या हाताखाली दिलं. वायरी धरायच्या आणि 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणायचं, एवढंच काम.

घरी आमच्याकडे एका स्पीकरचा टेप. चाचांकडे आहुजाचा ॲम्प्लिफायर, दोन उभे खोके आणि लिंबाला बांधायचे भोंगे. दुपारी मैदान रिकामं असायचं तेव्हा तासभर ही सगळी दौलत माझी. रॉकबद्दलची माझी निम्मी मतं त्या तासांत तयार झाली आणि बरीचशी तिथंच मोडली.

आठवीत होतो तेव्हा औरंगाबादला इंजिनिअरिंगला असलेल्या मावसभावानं मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा 1988 सालचा 'अँड जस्टिस फॉर ऑल' हा अल्बम कॅसेटवर भरून आणला. यापलीकडं संगीत नाही, असं माझं ठाम मत झालं. मोठ्या ऐटीत ती कॅसेट चाचांच्या डेकमध्ये घातली. पहिलं गाणं 'ब्लॅकन्ड'. चाचांनी लगेच बटण दाबलं. "टेप उल्टी चलरी रे." परत लावली, परत तेच. पुढं ड्रम सुरू झाल्यावर त्यांनी बेसची खुंटी पार शेवटपर्यंत पिळली, खोक्यावर तळहात ठेवला आणि मान हलवली. "ढोल है, पर ढोल को पेट नै. डुप्लिकेट दिया तेरे भाई ने."

असा राग आला म्हणता! भीमगीतं आणि कव्वाल्या वाजवणाऱ्या माणसाला मेटल काय कळणार? मग कित्येक वर्षांनी वाचण्यात आलं की 'ब्लॅकन्ड'च्या सुरुवातीची गिटार खरोखरच उलटी फिरवून घातलेली आहे. आणि बेसचं म्हणाल तर, बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा क्लिफ बर्टन 1986 मध्ये स्वीडनला बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. बँडबरोबरचा त्याचा हा पहिला पूर्ण अल्बम, आणि मिक्सिंगमध्ये त्याचा बेस इतका दाबला की जवळपास ऐकूच येत नाही. यावर चाहते अजून भांडतात. चाचांनी ते तळहातानं ओळखलं होतं.

त्याच संध्याकाळी घोटाळा झाला. माझ्या आणि कोळीनृत्याच्या, दोन्ही कॅसेटींवर नाव नव्हतं. पडदा उघडला. पाचवीच्या मुली डोक्यावर टोपल्या घेऊन, कमरेवर हात ठेवून ओळीत उभ्या, आणि भोंग्यांतून 'ब्लॅकन्ड'. ती उलटी गिटार हळूहळू चढत येते, त्यामुळं पहिला अर्धा मिनिट लोकांना ती समुद्राची गाज वाटली. एकजण तर डोलायलाही लागली. मग ड्रम पडले. मुली मात्र हटल्या नाहीत, हे मानलं पाहिजे. चाचांनी कॅसेट बदलेपर्यंत होती ती पावलं त्यांनी त्या वेगात टाकून दाखवली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि हेडसरांनी माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी शेलापागोट्यात माझ्या वाट्याला आलं:

नाव सोडायची होती पाण्यात, ह्यानं उडवलं विमान;
ह्याच्या घरी जाताना पोरांनो, कापसानं बुजवा कान.

कापसाला आमच्याकडं तोटा नव्हताच.

दहावीच्या गॅदरिंगला मी मेटॅलिकाचा 1991 चा काळ्या कव्हरचा अल्बम नेला, तोही चाचांसमोर त्याला नावं ठेवायला. 'नथिंग एल्स मॅटर्स' ब्रायन ॲडम्स ऐकणाऱ्या पोरांनाही आवडायचं. बँड पैशासाठी विकला गेला याला आणखी काय पुरावा हवा? चाचांनी 'सॅड बट ट्रू' लावलं. गिटारच्या तारा एक पूर्ण सूर उतरवून वाजवलेलं गाणं आहे ते. सायकल स्टँडचे पत्रे थरथरले. "हां," चाचा म्हणाले, "अब खाना खाया." मी गप्प. खरं सांगायचं तर माझ्याही पोटात काहीतरी हललं होतं, पण कबूल करायला दहा वर्षं गेली.

कॉलेजात गेल्यावरही जानेवारीत वायरी धरायला जायचोच. एकदा पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 1975 चा 'विश यू वर हिअर' हा अल्बम नेला. घरी मी तो पाच मिनिटांत पुढं पळवला होता. त्यातल्या पहिल्याच 'शाइन ऑन' गाण्यात गायकाचा आवाज यायलाच आठ मिनिटं उलटून जातात. चाचांनी मात्र बटणाला हात लावला नाही. खुर्च्यांच्या थप्पीला टेकून बिडी ओढत बसले. गिटारचे ते चार सूर आले तसा त्यांनी आवाज कमी केला. कमी! मी म्हटलं, "चाचा, गाणं सुरूच होईना गेलं." तर म्हणाले, उरुसात कव्वाल आल्या आल्या गातो का? "जमने दे."

फेब्रुवारीत परभणीच्या तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात आम्ही पोरं निम्मी रात्र बसायचोच की. तिथं मला कधी घाई झाली नव्हती. मग फ्लॉइडची का व्हावी? आज विचाराल तर तो माझ्या पहिल्या तिनांत आहे. मेटॅलिकाचं म्हणाल तर त्यांचा आधीचा अल्बम 'मास्टर ऑफ पपेट्स' वर गेला आणि 'जस्टिस' खाली आला. त्याचा बेस वाढवून कुणीकुणी केलेली रूपं ऐकली, नाही आवडली. कानाला बिनपोटाचाच ढोल सवयीचा झालाय.

आणखी एक. मावसभावानं आणलेली कॅसेट साठ मिनिटांची होती आणि अल्बम पासष्टचा. त्यामुळं तो 'टू लिव्ह इज टू डाय'वर संपतो असंच मी कैक वर्षं धरून चाललो होतो. बर्टन मागं ठेवून गेला त्या सुरावटींवर बांधलेलं ते लांबलचक गाणं, मग टेपची थोडी खरखर आणि बटण उडाल्याचा खट्ट आवाज. त्यापुढं 'डायर्स ईव्ह' आहे, चांगलं तुफान वेगवान आहे. पण फोनवर ते सुरू व्हायच्या आत माझं बोट जातं. खट्ट तेवढं वाजत नाही.